'मी तर नुसता बसलो होतो!'

गटारी जवळ आली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. यंदा बहुतेकांनी एकच गोष्ट विचारली आहे. गाडी दुसऱ्याने चालवली, प्यायलेला तो होता, आपण शेजारी किंवा मागे बसलो होतो, मग आपला काय संबंध? पत्रांतली नावे गाळली आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न (नाशिक) : भाचा मित्रांबरोबर शेतावर पार्टीला गेला होता. परतताना नाकाबंदीत गाडी अडवली. चालवणाऱ्या मुलाचा मशीनवरचा आकडा ६८ आला. पोलिसांनी बाकीच्या तिघांचीही नावे लिहून घेतली आणि 'तुम्हालाही १८८ लागतो' म्हणाले. भाचाही प्यायला होता, पण त्याने स्टिअरिंगला हातसुद्धा लावला नव्हता. त्याच्यावर गुन्हा होऊ शकतो का?

उत्तर : दाखल होऊ शकतो. सिद्ध होणे बरेच अवघड आहे. आधी एक गोंधळ दूर करू. हा १८८ म्हणजे लॉकडाऊनमध्ये घरोघरी पोचलेला जुन्या दंडसंहितेचा १८८ नव्हे. हा मोटार वाहन कायदा, १९८८ मधला आहे.

त्या कायद्याचे कलम १८५ चालवणाऱ्यासाठी आहे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले, तर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. कलम १८८ एवढेच म्हणते की १८४, १८५ किंवा १८६ खालच्या गुन्ह्याला जो अपप्रेरणा देईल, त्यालाही त्या गुन्ह्याचीच शिक्षा. म्हणजे भाच्याला शिक्षा झालीच, तर ती चालवणाऱ्याइतकीच असू शकते, निम्मी नाही.

सगळे अडते ते 'अपप्रेरणा' या शब्दावर. भारतीय न्याय संहितेच्या कलम ४५ प्रमाणे तिचे तीन मार्ग आहेत : चिथावणे, कट करणे आणि जाणूनबुजून मदत करणे. मदतीत बेकायदा टाळाटाळही येते, म्हणजे जे करणे कायद्याने बंधनकारक आहे ते न करणे. नुसते हजर असणे या तिन्हींत बसत नाही. मित्राला गाडी चालवण्यापासून रोखलेच पाहिजे असे बंधन आपल्याकडे मागच्या सीटवरच्या माणसावर कोणत्याही कलमाने घातलेले नाही. म्हणून 'बसला होता' एवढ्यावर खटला उभा राहात नाही. 'चल रे, काही होत नाही, पुढे पोलीस नसतात' हे म्हटले असेल, स्वतःच्या गाडीची चावी दिली असेल, नाकाबंदी टाळण्यासाठी आडवाट दाखवली असेल, तर मात्र तो नुसता बसलेला राहात नाही. आणि हल्ली हे सगळे व्हॉट्सॲपवर लिहिलेले सापडते.

चेन्नईच्या वाहतूक पोलिसांनी २०२२ मध्ये याच कलमाचा आधार घेऊन सहप्रवाशांकडूनही १०,००० रुपये दंड घेण्याचे जाहीर केले होते. सहप्रवासी स्वतः प्यायलेला नसला तरीही. आमच्या मते कलमाची ही ओढाताण आहे. पण असा अर्थ लावणारा अधिकारी तुम्हाला भेटू शकतो, हे ध्यानात ठेवा.

भाच्याला मशीनमध्ये फुंकायला लावले असेल, तर तेही तपासा. कलम २०३ खालची श्वासचाचणी वाहन चालवणाऱ्याची किंवा चालवू पाहणाऱ्याची असते, मागच्या सीटवरच्याची नाही. मात्र गाडीतून उतरून आरडाओरडा, शिवीगाळ केली, तर महाराष्ट्र दारूबंदी कायद्याचे कलम ८५ आहेच. सार्वजनिक जागी नशेत गैरवर्तन करणाऱ्याला ते लागते, मग तो चालवत असो वा नसो.

आता व्यवहाराचे. १८५ आणि १८८ हे जागेवर तडजोड करून मिटणारे गुन्हे नाहीत. तडजोडीच्या कलम २०० मधल्या यादीत ते येतच नाहीत. त्यामुळे 'इथेच भरा आणि जा' असे कोणी म्हटले तर तो दंड नव्हे. भाच्याला हजर राहण्याची नोटीस आली तर जावे, खरे सांगावे आणि नोटिशीची प्रत जपून ठेवावी. कोर्टात 'गुन्हा कबूल' म्हणून दंड भरून मोकळे होण्याचा मोह फार असतो. चालवणारा तसे करतो, कारण त्याच्याविरुद्ध मशीनची पावती असते. भाच्याविरुद्ध तसे काहीच नाही. कबुली दिली की दोषसिद्धी नावावर लागते आणि पुढे नोकरीच्या किंवा पासपोर्टच्या फॉर्मवर 'दोषी ठरला आहात का' या रकान्यात तिचे उत्तर द्यावे लागते. म्हणून वकिलाशी बोलल्याशिवाय कबुली देऊ नये.

प्रश्न (कोल्हापूर) : गाडी माझ्या नावावर आहे. लग्नाच्या हळदीहून परतताना यजमान थोडे घेतलेले होते. मी शेजारी होते, मला चालवता येते, पण त्यांनी ऐकले नाही. एका मोटारसायकलवाल्याला धक्का लागून त्याचा पाय मोडला. विमा कंपनी म्हणते, आमचा संबंध नाही. पैसे मला भरावे लागतील का?

उत्तर : तुमच्या बाबतीत फौजदारी बाजूपेक्षा पैशाची बाजू जड आहे, कारण तुम्ही प्रवासी होता तशाच मालकही होता. त्यातही खर्चाचे दोन भाग आहेत आणि कंपनी बहुधा ते मुद्दाम एकत्र करते आहे.

पहिला भाग तुमच्या गाडीच्या दुरुस्तीचा. तो मिळण्याची आशा ठेवू नका. दिल्लीत इंडिया गेटजवळ २००७ मध्ये एक पोर्शे गाडी आपटली. चालकाची ना श्वासचाचणी झाली, ना रक्ताची. तरीही 'तोंडाला वास येत होता' ही नोंद आणि अपघाताची एकूण परिस्थिती यांवरून कंपनी दावा नाकारू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने इफ्को टोकियो विरुद्ध पर्ल बेव्हरेजेस या २०२१ च्या निकालात म्हटले. म्हणजे 'टेस्टच झाली नाही' हा बचाव इथे टिकत नाही.

दुसरा भाग जखमी माणसाच्या भरपाईचा. पूर्वी चालक प्यायलेला असणे हा थर्ड पार्टी दाव्यात कंपनीचा कायदेशीर बचाव नव्हता. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १५०(२) मध्ये तो आला. तरी अशा बचावांत न्यायाधिकरणे पुष्कळदा 'आधी भरा, मग वसूल करा' असा आदेश देतात. कंपनी जखमीला पैसे देते आणि नंतर विमाधारकाकडून, म्हणजे तुमच्याकडून, वसूल करते. तेव्हा दाव्याची नोटीस आली की गैरहजर राहू नका. एकतर्फी निकाल लागला, तर वसुलीच्या वेळी बोलायला जागा उरत नाही. रक्ताचा अहवाल आला आहे का, आकडा ३० च्या वर आहे का, नमुना किती वाजता घेतला, हे वकिलामार्फत मागवा. १५०(२) चा बचाव कलम १८५ च्या व्याख्येला जोडलेला आहे. कंपनीला ती व्याख्या सिद्ध करावी लागते, नुसता वास पुरत नाही.

फौजदारीत तुमचा प्रश्न एवढाच : चावी कोणी दिली? तुम्ही विरोध केला होता आणि हळदीच्या मांडवात चार जणांनी तो ऐकला असेल, तर ते आताच लिहून ठेवा. (यजमानांचा परवाना आधीच निलंबित असता, तर मात्र मालक म्हणून कलम १८० खाली तुम्ही थेट अडकला असता : तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही.)

प्रश्न (लातूर) : धाकटा भाऊ मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसला होता. मित्र प्यायलेला होता. गाडी घसरून भाऊ गेला. विमा कंपनीचा माणूस म्हणतो, 'माहीत असून बसला, भरपाई नाही.' हे खरे का?

उत्तर : असा सरसकट नियम नाही. चालकाचा निष्काळजीपणा आपोआप मागे बसलेल्याच्या डोक्यावर येत नाही. मोहम्मद सिद्दीक या २०२० च्या प्रकरणात मोटारसायकलवर तिघे बसले होते म्हणून उच्च न्यायालयाने भरपाईतून १० टक्के कापले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते परत दिले. ट्रिपल सीट बसणे नियमभंग असेलही, पण त्यामुळेच अपघात झाला किंवा इजा वाढली हे दाखवावे लागते, असे न्यायालय म्हणाले. तोच तर्क इथे मांडता येतो. मात्र भाऊ आणि मित्र एकत्र पीत बसले होते, भावानेच 'चल, निघू' म्हटले, असे साक्षीतून आले तर न्यायाधिकरण त्याचा वाटा धरून रक्कम कमी करू शकते. त्याची ठरलेली टक्केवारी नाही.

तुमच्या प्रकरणातली खरी मेख वेगळीच आहे आणि ती त्या माणसाने तुम्हाला सांगितलेली नाही. मित्राच्या गाडीची पॉलिसी कोणती आहे? नुसती सक्तीची थर्ड पार्टी, म्हणजे कागदावर 'लायबिलिटी ओन्ली' असेल, तर टिळक सिंग (२००६) या निकालाप्रमाणे फुकट मागे बसलेला माणूस तिच्यात येत नाही. मग भरपाईची जबाबदारी मित्रावर आणि गाडीच्या मालकावर राहते. पॉलिसी 'पॅकेज' किंवा 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' असेल, तर मागे बसणारा तिच्यात येतो. बालकृष्णन (२०१२) या निकालाने ते स्पष्ट केले आहे. चालक प्यायलेला असल्याचा बचाव तिथेही घेतला जाईल. त्याचे काय होते ते वरच्या उत्तरात आहे. तेव्हा सगळ्यात आधी पॉलिसीचा कागद पाहा. पोलिसांच्या कागदांत त्याची प्रत असते.

मुदत चुकवू नका. अपघातापासून सहा महिन्यांच्या आत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात कलम १६६ चा अर्ज पडला पाहिजे. नियमाप्रमाणे पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. तो गेला का, हे ठाण्यात जाऊन विचारा, त्याची प्रत मागा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. अर्जासोबत एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, पॉलिसी, चालकाचा परवाना आणि भावाच्या उत्पन्नाचा पुरावा लागतो. भावाचे सोसायटीचे खाते, दूध डेअरीच्या पावत्या, दुकानाचे जीएसटी, जे असेल ते जोडा. उत्पन्नाचा कागद नसला की रक्कम अंदाजाने धरली जाते आणि तो अंदाज बहुधा तोकडा असतो. हेल्मेट होते का, हेही पंचनाम्यात पाहा. डोक्याच्या दुखापतीने मृत्यू झाला असेल, तर कंपनी तो मुद्दा काढणारच.

प्रश्न (पुणे) : अपघात झाल्यावर चालवणारा मित्र गाडी तशीच पळवू लागला, तर गाडीत बसलेल्याने काय करायचे?

उत्तर : कायद्याच्या दृष्टीने प्रवासी खऱ्या अर्थाने 'सुरू' होतो तो इथे.

दिल्लीतले १० जानेवारी १९९९ चे बीएमडब्ल्यू प्रकरण बघा. सहा जणांचा जीव गेला. गाडीत बसलेल्या मित्रांपैकी कोणीही अखेर दोषी ठरला नाही. पण गाडी ज्या बंगल्यात नेऊन धुतली, तिथला मालक आणि दोन नोकर यांना पुरावा नष्ट केल्याबद्दल शिक्षा झाली. ते त्या रात्री गाडीत नव्हतेच. तेच कलम आता न्याय संहितेत २३८ आहे. आरोपीला लपवण्याचे २४९, पोलिसांना खोटी माहिती देण्याचे २१७. १ जानेवारी २०२३ च्या दिल्लीतल्या कंझावला प्रकरणात तर स्कूटरवरची तरुणी गाडीखाली अडकून कित्येक किलोमीटर फरपटत गेली, आणि न्यायालयाने चालकाबरोबर गाडीतल्या इतर तिघांवरही खुनाचा आरोप निश्चित केला. 'स्टिअरिंग माझ्या हाती नव्हते' हे वाक्य तिथे पुरले नाही. तुमच्याच शहरातल्या कल्याणीनगरच्या १९ मे २०२४ च्या अपघातानंतर रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना आणि चालक मुलाच्या आईवडिलांना अटक झाली, तशीच पुढे मागच्या सीटवरच्या मुलांच्या वडिलांनाही झाली.

म्हणून गाडी थांबवायला सांगा, मोठ्याने सांगा. १०८ आणि ११२ ला स्वतःच्या फोनवरून फोन करा. वेळेची नोंद तिथे राहते आणि तीच तुमची सगळ्यात भक्कम साक्ष. गाडी पुढे गेलीच, तर जिथे थांबेल तिथे उतरा आणि तिथून फोन करा. गाडी धुणे, नंबरप्लेट झाकणे, डॅशकॅमचे कार्ड काढणे, ग्रुपवरचे मेसेज पुसणे यांपैकी कशालाही हात लावू नका.

सीट बदलण्याची शक्कल तर विसराच. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे पट्ट्याचा वळ त्याच्या उजव्या खांद्यावर उठतो आणि शेजारच्याच्या डाव्या. फुटलेल्या एअरबॅगवर रक्त, लाळ, त्वचेचे कण राहतात. टोलनाक्याच्या कॅमेऱ्यात पुढचे दोन्ही चेहरे दिसतात. 'गाडी मी चालवत होतो' असे सांगणारा निर्व्यसनी मित्र एका दिवसात उघडा पडतो आणि साक्षीदाराचा आरोपी होतो.

जबाबाबद्दल थोडे. प्रवासी बहुतेक वेळा सरकार पक्षाचा साक्षीदार असतो. तुम्ही महिला असाल किंवा वय ६० च्या वर असेल, तर जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यायचे असते. पोलिसांपुढच्या जबाबावर सही करायची नसते. वाचून दाखवायला सांगा.

प्रश्न (सातारा) : मित्र म्हणतो, 'एकच पेग घेतलाय, तासभर झाला, चल.' बसावे का?

उत्तर : हिशेब करा. ६० मिलिलिटरच्या लार्ज पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल असते. ७० किलोच्या पुरुषाच्या रक्तात त्याने १०० मिलिलिटरला साधारण ४० मिलिग्रॅम चढते. शरीर तासाला सरासरी १५ उतरवते, कोणाचे १०, कोणाचे २०. म्हणजे एका लार्जनंतर तासाने आकडा २० ते ३० च्या घरात, काठावर. ५५ किलोच्या बाईला तोच पेग ६० च्या वर नेतो. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची एक बाटली म्हणजे दोन लार्ज पेग. 'मी फक्त बिअर घेतली' या वाक्यावर सगळ्यात जास्त माणसे फसतात. लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची अंघोळ, पान यांनी आकडा एक मिलिग्रॅमनेही उतरत नाही. वास तेवढा बदलतो.

प्रश्न (ठाणे) : रात्री ॲपवरून बोलावलेल्या टॅक्सीचा चालकच प्यायलेला निघाला, तर?

उत्तर : भाडे देऊन बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी नाही. उजेडाच्या ठिकाणी, पेट्रोल पंपावर वगैरे, गाडी थांबवायला सांगून उतरा, ॲपमधले एसओएस दाबा, ११२ ला गाडीचा नंबर द्या. पैशावरून तिथे हुज्जत नको. तक्रार केली की भाड्याचे नंतर बघता येते.

प्रश्न (टोकियो, निशिकासाई) : पार्टीनंतर सहकारी गाडीने सोडायला तयार होता. जपानी मित्राने मला अक्षरशः ओढून खाली उतरवले. एवढे काय?

उत्तर : तुम्ही त्याचे आभार माना. २५ ऑगस्ट २००६ ला फुकुओकात एका प्यायलेल्या चालकाने मागून धडक दिली, गाडी पुलावरून समुद्रात पडली आणि तीन लहान भावंडे बुडाली. त्यानंतर कायदा बदलला आणि १९ सप्टेंबर २००७ पासून प्रवासी हा स्वतंत्र गुन्हेगार झाला. रस्ता वाहतूक कायद्याचे कलम ६५ वाहन देणारा, दारू पाजणारा आणि 'मला सोड' म्हणून बसणारा, तिघांनाही धरते. चालक प्यायला आहे हे माहीत असून सोडायला सांगितले, तर प्रवाशाला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ३ लाख येनपर्यंत दंड. चालक धड चालवता येऊ नये इतका नशेत असेल, तर तीन वर्षे किंवा ५ लाख येन. मर्यादा श्वासात लिटरला ०.१५ मिलिग्रॅम. रक्तात धरली तर ती आपल्याकडच्या ३० मिलिग्रॅमएवढीच पडते. आकडा एकच, पण आपल्याकडे सरकार पक्षाला अपप्रेरणा शोधावी लागते, तिथे स्टेशनपर्यंत सोडण्याची विनंतीच गुन्हा ठरते. 'मी काही बोललो नाही, नुसता चढलो' या बचावावर विसंबू नका. तुमचा स्वतःचा परवानाही निलंबित होऊ शकतो, तुम्ही चालवत नसलात तरी.

१ नोव्हेंबर २०२४ पासून सायकललाही हे लागू आहे. टॅक्सीचा प्रवासी यातून वगळला आहे. गाडी तिथेच सोडायची नसेल तर 'दाइको' बोलवा : दोन चालक येतात, एक तुमची गाडी चालवतो आणि दुसरा त्याला परत नेण्यासाठी मागून येतो.

प्रश्न (सांगली) : मित्राला अडवण्यासाठी त्याच्या गाडीची चावी काढून घेतली. तो म्हणतो, चोरीची तक्रार करीन.

उत्तर : करू दे. चोरीला अप्रामाणिक हेतू लागतो : स्वतःचा गैरफायदा किंवा दुसऱ्याचे नुकसान. तुमचा तो नव्हता. शिवाय मोठी हानी टाळण्यासाठी सद्‌हेतूने केलेल्या कृतीला न्याय संहितेचे कलम १९ संरक्षण देते. चावी फेकू नका, विहिरीत तर मुळीच नको. घरच्यांकडे द्या किंवा स्वतःच्या खिशात ठेवा आणि त्याला एक मेसेज टाका : 'चावी माझ्याकडे आहे, सकाळी देतो.' झोंबाझोंबी करू नका, मारामारीचा गुन्हा वेगळा लागतो. रात्री अकराला तीन लार्जवर थांबलेला माणूस असेल, तर वरच्या हिशेबाने सकाळी नऊच्या आधी चावी परत देऊ नका.